वर्धा नदीच्या अलीकडचे की पलीकडचे? विदर्भातील खेड्यातल्या घराण्याचा शोध

आमच्या घरात एवढेच ठाऊक होते की मूळ पुरुष वर्धा नदी ओलांडून आले. कोणत्या गावाहून आणि कोणत्या साली आले, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. शोध सुरू केल्यावर कळले की नदीचा हा तपशीलच सर्वांत मोलाचा होता. वर्धा नदी ही एके काळी वऱ्हाड आणि मध्यप्रांत यांच्यामधली सीमा होती आणि दोन्ही काठांवर कागद ठेवण्याची रीत वेगळी होती. निजामाकडून १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या वऱ्हाडात रयतवारी होती, त्यामुळे शेत कसणाऱ्याचे नाव थेट सरकारी दफ्तरात येई. मध्यप्रांतात, म्हणजे नागपूरच्या बाजूला, मालगुजारी होती; गावाचा सारा सरकारात भरणारा मालगुजार हाच तिथे गावाचा धनी असे. तिथे गावाच्या कागदांवर आधी मालगुजार दिसतो आणि आपल्या माणसांसाठी बंदोबस्ताची मिसल, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवतानाची कागदपत्रे, पान पान चाळावी लागते. म्हणून घराण्याचा शोध घेणाऱ्याने आडनावाच्या आधी गाव निश्चित करावे, आणि ते गाव नदीच्या कोणत्या काठाला होते हे पाहावे.

सुरुवात घरातूनच करावी आणि एकेक पिढी मागे जावे. पणजोबांवर एकदम उडी घेतली की त्याच नावाचा दुसराच माणूस हाती लागतो. वडीलधाऱ्यांना जन्मसाल विचारून फारसा उपयोग होत नाही, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी कित्येकांची जन्मतारीख १ जुलै अशी लिहून टाकलेली असते. त्याऐवजी मृत्यूची तिथी विचारावी. पितृपक्षात आजोबांचे पान कोणत्या तिथीला वाढतात आणि वर्षश्राद्ध कोणत्या महिन्यात करतात, हे घरातील सासुरवाशिणीला पाठ असते. साल विसरले गेले तरी महिना आणि तिथी टिकून राहतात. पुढे नोंदवहीत दोन सारखी नावे आली, की जुने पंचांग उघडून त्यांतील आपला माणूस ओळखता येतो. जुन्या कागदावर शक आढळल्यास ७८, फसली सन (महसुली वर्ष) आढळल्यास ५९० मिळवावे, म्हणजे इसवी सन जवळपास कळतो.

आता जनगणना. बहुतेकांचा इथे एक गैरसमज असतो, तो आधीच दूर झालेला बरा. इतर काही देशांत जुन्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते वंशावळीसाठी खुले होतात, आपल्याकडे तसे नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार व्यक्तिगत माहिती कोणालाही पाहता येत नाही, आणि जुन्या गणनांच्या मूळ चिठ्ठ्या आकडे जुळवून झाल्यावर जपून ठेवल्या जात नसत. म्हणून १९११ च्या गणनेत पणजोबांचे नाव मिळावे म्हणून कचेऱ्यांचे उंबरे झिजवू नयेत. जनगणनेचा उपयोग गाव ओळखण्यासाठी करावा. १९५१ पासून निघू लागलेल्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत प्रत्येक गावाचे नाव आणि लोकसंख्या आहे. पिंपळगाव नावाची जेवढी गावे आहेत त्यांतील आपले कोणते, बुद्रुक की खुर्द, आणि आजी ज्या गावाचे नाव घेत असे ते वसते होते की रिठी झाले होते, हे तिथे कळते. सलग दोन-तीन पुस्तिका शेजारी ठेवल्या की एखादे गाव कधी ओस पडले तेही दिसते.

त्याहून जुने खंड पाहताना जिल्ह्यांची नावे सांभाळावी लागतात. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणी या नावाने होता, आणि वाशीम व एलिचपूर (आजचे अचलपूर) हे तेव्हा स्वतंत्र जिल्हे होते. १९०५ साली वाशीमचा बहुतेक भाग अकोल्यात, त्यातला पुसद तालुका यवतमाळात आणि एलिचपूर अमरावतीत विलीन झाला. वाशीम पुन्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून निघाला. १९०१ च्या खंडात यवतमाळ जिल्हा शोधणाऱ्याला तो सापडणार नाही, आणि गोंदियाकडच्या घराण्याचा पन्नास वर्षांपूर्वीचा कागद अजूनही भंडाऱ्याच्या दफ्तरात असू शकतो.

जनगणनेशी जोडलेला एक कागद मात्र नावानिशी आहे. १९५१ च्या गणनेबरोबर नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर गावोगाव तयार झाले आणि त्यात घरक्रमाने माणसांची नावे लिहिली गेली. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी शासनाने जी जुनी दफ्तरे तपासली, त्यांत हे रजिस्टरही होते. तहसीलच्या अभिलेख कक्षात ‘१९५१ चे नागरिक रजिस्टर’ असे स्पष्ट नाव घेऊन विचारावे, कारण ‘जुनी जनगणना दाखवा’ म्हटले तर ‘नाही’ हेच उत्तर मिळते. त्या शोधातल्या नोंदींच्या प्रती अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या आहेत. आपण कुणबी नसलो तरी गावाच्या वहीचे एखादे पान तिथून पाहायला मिळू शकते.

माझ्या मते विदर्भातील सर्वांत मौल्यवान वही म्हणजे कोतवाल बुक. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा लागू होण्यापूर्वी गावचा जन्म आणि मृत्यू कोतवालामार्फत नोंदला जाई. या नोंदींच्या नकला तहसील कार्यालयातून मिळतात. अर्जात गाव, अंदाजे साल आणि बापाचे नाव द्यावे, कारण जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसतेच. बापाचे नाव, जात, तारीख आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले असते. म्हणून एका नोंदीवर थांबू नये. त्याच बापाच्या नावावरच्या दहा-पंधरा वर्षांतील सर्व नोंदी क्रमाने लिहून काढाव्यात आणि घरात माहीत असलेल्या भावंडांच्या क्रमाशी जुळवाव्यात. क्रम जुळला की माणूस जुळला. मध्ये एखादा जास्तीचा ‘मुलगा’ दिसला, तर तो लहानपणीच गेला असावा असे समजून पुढच्या वर्षांच्या मृत्यूच्या पानांत पाहावे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाची पाने तर गावाची सगळीच्या सगळी वाचावीत. त्या साथीने मध्यप्रांत आणि वऱ्हाडात एकाच घरातील अनेक माणसे नेली. कित्येक घराण्यांत आजोबा मामाकडे वाढले, असे जे सांगतात, त्याचे कारण अशाच पानांवर सापडू शकते. ही पाने वाचताना मन जड होते, पण ती टाळून वंशावळ पुरी होत नाही.

जमिनीच्या कागदांवर नाती उर्दू-फारसी शब्दांनी लिहिलेली असतात. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा. ‘महादू वल्द गणू’ एवढ्या तीन शब्दांत दोन पिढ्या हाती लागतात. नागपूरकडच्यांनी बंदोबस्ताची मिसल आणि १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी (जमिनीच्या हक्कांची नोंदवही) मागावी. मालगुजारी उठल्यानंतर तयार झालेली ही पंजी कसणाऱ्याचे नाव स्पष्ट देते. वऱ्हाडात हक्क नोंदणी पत्रक पाहावे. दोन्हीकडे वारसाचे फेरफार, म्हणजे मृताच्या जागी वारसांची नावे चढवल्याच्या नोंदी, न चुकता काढावेत, कारण त्यांत मृत्यूची तारीख आणि वारसांची नाती येतात. अकोला आणि अमरावतीसह काही जिल्ह्यांतील जुने उतारे ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर घरबसल्या मिळतात. अक्षर मोडी असल्यास जाणकाराची मदत घ्यावी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद राहत नाही आणि नवख्याला एका नावाची दोन नावे वाटू शकतात. नागपूरकडचे काही कागद हिंदीत आहेत, तिथे ओळखीचे आडनावही वेगळ्या रूपात दिसते.

निधनाच्या बातम्या हा अलीकडच्या चार पिढ्यांचा सर्वांत चांगला धागा आहे. नागपूरहून ‘लोकमत’ १९७१ पासून दैनिक म्हणून निघू लागले. त्या आणि इतर वृत्तपत्रांचे जुने अंक पाहताना मृत्यूनंतरच्या पंधरा दिवसांचे अंक घ्यावेत, कारण खेड्यातली बातमी उशिरा छापली जाई. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, चार मुली असा आप्तपरिवार आहे’ या ठरावीक वाक्यातील आकडा फार उपयोगी पडतो. घरात तीनच आत्या माहीत असतील आणि बातमीत चार मुली असतील, तर चौथीचा शोध तिथून सुरू करावा. अंत्यसंस्कार मूळ गावी झाल्याचा उल्लेख असेल, तर ते गाव लिहून ठेवावे. ‘वयाच्या ८५ व्या वर्षी’ हा आकडा मात्र अंदाजाचा धरावा.

बातमीपेक्षाही तेरवीची पत्रिका मोठी साक्ष देते. तिच्या तळाशी ‘शोकाकुल’ या शब्दाखाली मुले, सुना, जवाई, नातू आणि अनेकदा त्यांची गावेही असतात. जवायाचे गाव म्हणजे आत्याचे सासर, आणि आत्याच्या सासरी आपल्या घराण्याचे फोटो, पत्रे आणि आठवणी जपलेल्या असतात. माझ्या पणजोबांच्या मूळ गावाचे नाव आमच्याकडे कोणालाच आठवत नव्हते. ते आजोबांच्या बहिणीच्या नातवाकडे, पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या एका जुन्या पोस्टकार्डावर मिळाले. मृत्यूची खबर असल्याची खूण म्हणून त्या कार्डाचा कोपरा फाडलेला होता. त्यानंतर मी कोणत्याही घरात जाताना आधी तिथल्या सर्व माहेरवाशिणींची यादी करतो. सरकारी दफ्तरांत बाई बापाच्या, नवऱ्याच्या आणि मुलाच्या नावाखाली तीनदा झाकली जाते, शिवाय लग्नात तिचे नाव बदललेले असते, म्हणून तिची दोन्ही नावे विचारून घ्यावीत.

जात आणि आडनाव यांच्या नोंदी सावधपणे वाचाव्यात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांच्या कागदांवर ‘महार’ ऐवजी ‘बौद्ध’ असे आले. दोन कागद वेगळ्या कुटुंबांचे आहेत, असा निष्कर्ष त्यावरून काढू नये. गोंड घराण्यांत जुन्या कागदावर नाव आणि ‘गोंड’ एवढेच असते, तिथे कुळाची ओळख ते घराणे किती देव मानणाऱ्या गटातले (चार, पाच, सहा की सात) यावरून पटवावी. दत्तक गेलेल्या मुलाच्या बापाचे नाव मध्येच बदलते. हा विषय घरात नाजूक असतो, म्हणून तो चारचौघांत न काढता एकट्या वडीलधाऱ्याजवळ बसून विचारावा.

एक जाड वही करावी आणि प्रत्येक माणसाला स्वतंत्र पान द्यावे. प्रत्येक माहितीसमोर ती कोणी सांगितली किंवा कोणत्या वहीच्या कोणत्या पानावर मिळाली हे तारखेसह लिहावे. दोन पुरावे जुळेपर्यंत नाव पेन्सिलीने लिहावे, आणि जुळल्यावरच शाईने.