टॉरेंटचा वेग आवळला जात असल्यास
सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या घरी डेबियन या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची फाईल रात्री टॉरेंटवरून (म्हणजे अनेकांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्याने) मुंगीच्या पावलाने उतरत असे, आणि तीच ब्राउझरमधून मात्र भरभर येई. असा फरक रोज दिसला, की इंटरनेट कंपनीकडून टॉरेंटची वाहतूक ओळखून आवळली जात असल्याची शंका घ्यावी. क्यूबिटटॉरेंट या टॉरेंट उतरवण्याच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये ‘बिटटॉरेंट’ या भागात एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक करून पाठवणे) सक्तीचे करावे, म्हणजे जोडणीच्या आरंभी उघडपणे जाणारे ‘बिटटॉरेंट प्रोटोकॉल’ हे १९ अक्षरी नाव वाटेत कोणाला वाचता येत नाही. मात्र ज्यांनी एन्क्रिप्शन बंद ठेवले आहे, ते पीअर (फाईल देणारे-घेणारे इतर जण) त्यामुळे गळतात. सीडर (पूर्ण फाईल जवळ असून ती इतरांना देणारे) मोजकेच असतील तर सक्ती न करता नुसती मुभा ठेवणेच बरे. आपला आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक) एन्क्रिप्शनने मुळीच लपत नाही.