ट्रिगर दाबल्या दाबल्या फोडू नका! हिंसक मंगावरून सीजी फिल्म करताना या चुका टाळा

'गांट्झ' ही मंगा, म्हणजे जपानी कॉमिक, वाचलेल्या कुणालाही विचारा, सगळ्यात आधी ती बंदूक आठवते. ट्रिगर दाबला की 'ग्योऽऽन' असा विचित्र आवाज येतो आणि मग काहीच होत नाही. समोरचा आहे तसाच उभा, झाडणाऱ्याला वाटतं नेम चुकला बहुतेक, आणि तेवढ्यात समोरच्याचं शरीर आतून फुगून फुटतं. ही मधली जी रिकामी जागा आहे ना, तीच खरी भीती. रक्त नंतर येतं.

पानावर हा वेळ वाचणाऱ्याच्या हातात असतो, मधे एखादी शांत चौकट, पान उलटायला लागणारा अर्धा क्षण. स्क्रीनवर पान नाही, तिथे तो वेळ तुम्हाला फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, मोजून द्यावा लागतो, आणि बहुतेक सीजी, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेल्या, शॉर्ट फिल्म इथेच आपटतात, कारण सगळी मेहनत स्फोटावर गेलेली असते आणि स्फोटाच्या आधीचं कुणी बनवतच नाही.

मी दिवसा एफएक्सचं, म्हणजे स्क्रीनवरच्या स्फोट-धूर-रक्ताचं, काम करतो आणि रात्री आम्ही तिघं मित्र मिळून अशाच उशिरा फुटणाऱ्या हत्याराची एक छोटी टेस्ट करत होतो. सेकंदाला 24 फ्रेम. आधी 12 फ्रेमचं अंतर ठेवलं, तर बघणाऱ्याला वाटलं साउंडचं सिंक गेलंय. 24 ठेवलं तर बरं वाटलं पण अंगावर काटा नाही आला. 36 ला आला, पण नुसतं अंतर वाढवल्यामुळे नाही, त्या दीड सेकंदात समोरचा माणूस एक पाऊल पुढे टाकतो आणि काहीतरी बोलायला तोंड उघडतो म्हणून. शेवटच्या 8 फ्रेममध्ये गळ्याची कातडी किंचित ताणली जाते, एवढंच. आणि हो, ट्रिगरनंतर कट मारून समोरच्याच्या क्लोजअपवर गेलात की संपलं, मग ती साधी बंदूक होते. एकाच शॉटमध्ये दोघंही दिसू द्या.

दुसरी मोठी चूक, अख्खी मंगा फिल्ममध्ये कोंबणं. 'गांट्झ' 2000 ते 2013 चालली, 37 खंड आहेत. डिजिटल फ्रंटियर स्टुडिओने 2016 मध्ये यासुशी कावामुरा यांच्या दिग्दर्शनाखाली 'गांट्झ:ओ' ही पूर्ण सीजी फिल्म केली तेव्हा त्यांनी फक्त ओसाकाचा भाग उचलला, बाकी सगळं सोडलं. शिवाय मंगाचा मेन हिरो कुरोनो, त्याला सुरुवातीलाच मारून टाकला आणि कातोला पुढे आणला! फॅन लोक चिडले असतील तर चिडोत, पण डाव बरोबर होता. मेलेल्या माणसांना परत आणून राक्षसांशी लढायला लावतात असा हा खेळ, आणि कातो त्यात नवा असल्यामुळे त्याला जे कळतं तेच आपल्याला कळतं, हा खेळ चालवणारा काळा गोल, अंगाला चिकटलेला ताकद वाढवणारा सूट, 100 पॉइंट झाले की सुटका किंवा जास्त भारी हत्यार किंवा मेलेल्या एकाला परत आणायची सोय, हे सगळं वेगळं समजवायला कुणी मास्तर लागत नाही. त्यात घरी त्याचा धाकटा भाऊ वाट बघतोय, म्हणजे जिवंत परत जायला कारणही आहे. एक रात्र, एक शहर, एक माणूस. तुमच्याकडे दहा मिनिटांचीच फिल्म असेल तर एक गल्ली घ्या.

याच्या उलट टोकाला 'ब्लेम!'. त्सुतोमु निहेईच्या त्या मंगात हिरो किली पानंच्या पानं बोलत नाही, नुसता त्या अवाढव्य शहरातून चालत राहतो. हे जसंच्या तसं फिल्ममध्ये केलं असतं तर बघणारा वीस मिनिटांत मोबाईल काढून बसला असता, आणि किलीला बडबड करायला लावली असती तर तो किली राहिला नसता. पॉलिगॉन पिक्चर्सने 2017 च्या फिल्ममध्ये काय केलं, तर गोष्ट एका छोट्या वस्तीतल्या लोकांच्या नजरेतून सांगितली. बोलायचं काम त्यांना, गप्प बसायचं काम किलीला. मंगातली शांतता खुपायला लागली की पहिल्यांदा नॅरेशन टाकायचा मोह होतो, तो आवरा आणि बघा दुसरं कुणी बोलू शकतं का.

आता लूक. इथे लोक काय करतात, तर सॉफ्टवेअरमध्ये जे सगळ्यात भारी दिसतं ते करतात, म्हणजे कातडीवरचं प्रत्येक छिद्र. 'गांट्झ'चा लेखक-चित्रकार हिरोया ओकु स्वतःच कॉम्प्युटरवर बनवलेली थ्रीडी बॅकग्राउंड वापरायचा, त्याची चित्रं मुळातच फोटोसारखी, त्यामुळे 'गांट्झ:ओ'ला खरीखुरी कातडी शोभली. 'ब्लेम!'ला ती शोभली नसती, तिथे चित्राच्या जवळ जाणारं सपाट शेडिंग वापरलंय. शिंजी अरामाकीने 2004 च्या 'ॲपलसीड'मध्ये मोशन कॅप्चर (ॲक्टरच्या हालचाली टिपून कॅरेक्टरला देणं) आणि टून शेडिंग (कार्टूनसारखे सपाट रंग) एकत्र केलं, आणि त्यानेच 2014 ला 'ॲपलसीड अल्फा' केला तेव्हा जवळजवळ खऱ्या माणसांकडे गेला, म्हणजे मूळ मंगा तीच, दिग्दर्शक तोच, तरी निर्णय दोन. दोन्ही चालतात, अर्धंअर्धं चालत नाही. खरी कातडी आणि त्यावर मंगाचे बशीएवढे डोळे हे सगळ्यात घातक. 'अलिता' ही फिल्म 2019 ला आली, त्याआधीच्या ट्रेलरवरून डोळ्यांवर इतकी चर्चा झाली, तर त्यांनी डोळे लहान नाही केले, बुबुळं मोठी केली, म्हणजे पांढरा भाग कमी दिसायला लागला. तुमचं कॅरेक्टर भूत बघितल्यासारखं दिसत असेल तर आधी पांढरा भाग तपासा.

टून शेडिंग करूनही सगळं व्हिडिओ गेमच्या कटसीनसारखं गुळगुळीत वाटतंय? मग प्रत्येक पोझ दोन-दोन फ्रेम धरून बघा आणि मोशन ब्लर (हालचालीतला पुसटपणा) बंद करा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.

रक्ताबद्दल जरा जास्त लिहितो कारण याच्यावर माझ्या रात्रीच्या रात्री गेल्यात. आमच्या त्या टेस्टमध्ये रात्रभर सिम्युलेशन (रक्त कसं वाहील ते कॉम्प्युटरने मोजणं) लावून झोपलो, सकाळी बघतो तर रक्त मध ओतल्यासारखं सावकाश, हवेत तरंगत खाली येतंय. घट्टपणा कमी केला, काही फरक नाही. परत कमी केला, परत रात्रभर मशीन चालू, परत तेच. दोन दिवसांनी ट्यूब पेटली. मॉडेल सेंटिमीटरमध्ये बनलेलं, माणूस 170 युनिट उंच, आणि सिम्युलेशनला वाटतंय एक युनिट म्हणजे एक मीटर. म्हणजे त्याच्या हिशोबाने रक्त छातीतून नाही, टॉवरच्या गच्चीवरून पडतंय. दीड मीटरवरून थेंब पडायला साधारण 13 फ्रेम लागतात, दीडशे मीटरवरून 133! तेव्हा रक्त मंद वाटलं की घट्टपणाला हात लावायच्या आधी माणसाची उंची बघा, एक चेंडू छातीच्या उंचीवरून सोडा आणि फ्रेम मोजा, पाच मिनिटांचं काम आहे.

उलट त्रास पण होतो, रक्त पाण्यासारखं पातळ आणि चकचकीत लाल. लाल रंग आपल्या डोक्यात असतो त्यापेक्षा बराच गडद ठेवावा लागतो, पातळ थरात लालभडक आणि साचलं तिथे जवळजवळ काळा. आणि पुढच्या शॉटमध्ये ते रक्त कुठे गेलं? हे हमखास विसरतं. एका शॉटमध्ये माणूस नखशिखांत भिजलाय, कॅमेरा फिरून येतो तर दुकानातून नवा आणल्यासारखा. प्रत्येक कॅरेक्टरचे तीन टप्पे आधीच बनवून ठेवा, कोरडा, थोडा भिजलेला, पूर्ण माखलेला, आणि शॉटच्या यादीत कुठे कुठला ते लिहून ठेवा. सगळीकडे सिम्युलेशन लावायची गरजच नाही, निम्म्या शॉटमध्ये भिंतीवरचा डाग आणि आवाज पुरतो.

काळा सूट आणि रात्रीचा सीन हा अजून एक सापळा. आमच्या मॉनिटरवर मस्त दिसत होतं, मग एका हॉलमध्ये प्रोजेक्टरवर लावलं तर अंधारात दोन मुंडकी तरंगतायत आणि लोक हसतायत, भयपटाचा पार तमाशा झाला. 'गांट्झ:ओ'मध्ये मारामारी ओसाकाच्या दोतोनबोरी भागात आहे, निऑनच्या पाट्या, खाली कालव्याचं पाणी, म्हणजे काळ्या चकचकीत सूटच्या कडांवर रंग पडायला चहूबाजूंनी सोय. शिवाय सूटवर गोल चकत्या आहेत, सूट निकामी झाला की त्यातून द्रव गळायला लागतो, एकही डायलॉग न बोलता कळतं की आता हा माणूस साध्या हाडामांसाचा राहिला, पुढचा फटका बसला की गेला. असं एक चिन्ह तुमच्या डिझाइनमध्ये नसेल तर मारामारीत कोण किती धोक्यात आहे तेच कळत नाही, नुसती आदळआपट.

मोशन कॅप्चरचं थोडक्यात. माणूस चालतो, वळतो, दचकतो, तिथपर्यंत ते उत्तम. पण सूट घालून ट्रक उचलणाऱ्या माणसाची हालचाल कुठलाच ॲक्टर देऊ शकत नाही, तो रिकामा खोका उचलतो आणि तेच दिसतं. तिथे डेटा बाजूला ठेवा आणि हाताने की लावा, म्हणजे एकेक पोझ स्वतः ठरवा, उचलायच्या आधी गुडघे वाकणं, कंबर मागे जाणं, पायाखालची फरशी तडकणं. आणि 'गांट्झ'मधल्या नुरारिह्योनसारखा दर थोड्या वेळाने रूप बदलणारा राक्षस असेल तर प्रत्येक रूपाचं वजन वेगळं दिसलं पाहिजे, म्हाताऱ्याचं पाऊल आणि बैलाएवढ्या देहाचं पाऊल एकाच गतीने पडलं की सगळा खर्च पाण्यात.

मंगाची पानं थेट स्टोरीबोर्ड म्हणून वापरणारे पण बघितलेत मी. जपानी पान उजवीकडून डावीकडे वाचतात, चौकटींचा क्रम त्या हिशोबाने लावलेला असतो, आपण घाईघाईत डावीकडून कापत गेलो की ठोसा आधी आणि हात उगारणं नंतर. हसू नका, झालंय. आणि परवानगी नसताना दुसऱ्याची मंगा उचलून फिल्म अपलोड करू नका, टेस्ट हार्ड डिस्कवर ठेवा किंवा स्वतःची गोष्ट लिहा, आम्ही तेच केलं.

राहिला आवाज. पानावर 'ग्योऽऽन' हे अक्षर चित्राचाच भाग असतं, स्क्रीनवर ते गेलं. आम्ही आधी ट्रिगरला मोठा धमाका लावला होता आणि फुटण्याला त्याहून मोठा. मग ट्रिगरचा बारीक केला आणि मधल्या 36 फ्रेममध्ये बॅकग्राउंड म्युझिक पूर्ण काढलं, फक्त त्या माणसाच्या बुटाचा एक आवाज ठेवला, पाऊल टाकतो तो. माझी बायको शेजारी बसून भाजी निवडत होती, तिने मान वर केली आणि विचारलं, "काय झालं, बंद पडलं का?" आणि बरोब्बर तेव्हा ते फुटलं.