बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचा माग कसा काढावा

सातारा, कोरेगाव, खटाव, वाळवा, तासगाव या भागांतल्या पुष्कळ घरांत ‘आमचे पणजोबा जर्मन लढाईत बसऱ्याला गेले होते’ एवढे एकच वाक्य उरलेले असते. कोणत्या पलटणीत होते, कधी गेले, परत आले की तिकडेच राहिले, हे सांगणारे माणूस घरात उरलेले नसते. बसरा म्हणजे आजच्या इराकचे बंदर, आणि ती मोहीम म्हणजे ब्रिटिश साम्राज्याने १९१४ ते १९१८ या काळात तुर्कांविरुद्ध मेसोपोटेमियात लढवलेली मोहीम. पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्याचा सर्वांत मोठा भाग याच आघाडीवर होता. त्या एका वाक्यापासून निघून पुराव्यापर्यंत कसे पोहोचावे, ते येथे सांगतो.

सुरुवात इंटरनेटवर करू नये, माळ्यावरच्या ट्रंकेपासून करावी. देवघरातले किंवा फडताळातले जे ‘बिल्ले’ म्हणून ओळखले जातात, ते बहुधा युद्धपदकेच असतात. चांदीच्या गोल पदकावर एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहाचा मुखवटा आणि दुसरीकडे घोडेस्वार असेल, तर ते ब्रिटिश युद्धपदक होय. मजूर पथकांतील माणसांना हेच पदक काशाचे मिळाले. पंख असलेल्या विजयदेवतेचे पदक हे विजयपदक, आणि तलवारी असलेला चांदणीसारखा तारा म्हणजे १९१४-१५ चा तारा. गोल पदकांच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. ही कड भिंगाखाली, तिरप्या उजेडात वाचावी आणि तिचा फोटो काढावा. पदक चिंच, राख किंवा पॉलिशने कधीही घासू नये. आमच्या भावकीतले एक पदक दर दसऱ्याला शस्त्रपूजेपूर्वी भक्तिभावाने घासले जात असे. आता त्याच्या कडेवर फक्त नंबरातले शेवटचे दोन आकडे दिसतात, आणि त्याची हळहळ मला अजून वाटते.

तारा असणे किंवा नसणे हाही पुरावाच आहे. हा तारा ३१ डिसेंबर १९१५ पूर्वी रणक्षेत्रात पोहोचलेल्यांना मिळाला. म्हणून तारा असेल तर माणूस मोहिमेच्या पहिल्या टप्प्यात होता, आणि केवळ दोन गोल पदके असतील तर तो बहुधा १९१६ मध्ये किंवा त्यानंतर गेला, असे समजून पुढचा शोध घ्यावा.

पलटणीचा नंबर हाती आला की अर्धे काम झाले, कारण त्या काळी प्रत्येक पलटणीची वाट वेगळी होती. १०३वी, ११०वी आणि ११७वी या तीन मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. या डिव्हिजनच्या तुकड्या नोव्हेंबर १९१४ मध्ये फाव येथे उतरल्या आणि त्याच महिन्यात त्यांनी बसरा घेतले. सप्टेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा घेऊन डिव्हिजन बगदादच्या रोखाने गेली, नोव्हेंबरात बगदादजवळच्या टेसिफॉन येथे तिची जबर हानी झाली, आणि ती मागे हटून कुतमध्ये शिरली. तेथे तुर्कांनी तिला डिसेंबरपासून जवळजवळ पाच महिने वेढले. अन्न संपत आले, घोडे कापण्याची वेळ आली, आणि अनेक हिंदी शिपायांनी धर्मभावनेपोटी ते मांस नाकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड याने सुमारे १३ हजार माणसांसह शरणागती पत्करली. कैद्यांना वाळवंटातून पायी नेण्यात आले. पुष्कळ हिंदी कैदी रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामावर राबले, आणि त्यांतले कित्येक भूक, आजार व मारहाणीने दगावले. म्हणून या तीन पलटणींपैकी एखादीतील माणसाच्या मृत्यूची तारीख मे १९१६ नंतरची असेल, तर तो कैदेत मेला असण्याची शक्यता आधी तपासावी. मात्र या पलटणी हिंदुस्थानात पुन्हा उभ्या केल्या गेल्या, त्यामुळे उशिरा भरती झालेल्याला हे लागू पडत नाही.

११४व्या मराठा पलटणीची गोष्ट निराळी आहे. बगदाद ११ मार्च १९१७ रोजी पडल्यानंतरही युद्ध उत्तरेकडे चालूच राहिले, आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकात येथे ही पलटण शेवटची मोठी लढाई लढली. १९२२ मध्ये सर्व नंबर बदलले आणि पाचवी मराठा लाइट इन्फंट्री स्थापन झाली: १०३वी तिची पहिली बटालियन झाली, १०५वी दुसरी, ११०वी तिसरी, ११६वी चौथी, ११७वी पाचवी, आणि ११४वी प्रशिक्षणाची दहावी. १९२२ नंतरच्या पेन्शनच्या कागदावर नवा नंबर असेल तर तो या जोड्यांवरून जुन्यात उलटवून घ्यावा. रेजिमेंटचे केंद्र बेळगावला आहे. तेथे पत्र लिहिताना जुना आणि नवा असे दोन्ही नंबर द्यावेत.

आपल्याकडचा प्रत्येक शिपाई मराठा पलटणीतच होता, असे धरून चालू नये. महार समाजातील पुरुषांसाठी १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभारली गेली आणि १९२१ मध्ये ती मोडली. याशिवाय खडकीचे बॉम्बे सॅपर्स (लष्करी बांधकाम करणारे दल), खेचरांची पथके, हमालांची आणि मजुरांची पथके होती. भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले यांच्याही नोंदी शोधाव्यात. त्यांच्या वंशजांना आपले पूर्वज ‘खरे सैनिक’ नव्हते असे वाटते, आणि ते चूक आहे.

मृतांचा शोध कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या, युद्धात मेलेल्यांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य घेता येतो. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू तेथे धरले आहेत. येथे बहुतेक लोक आडनाव टाकतात, काही सापडत नाही, आणि सोडून देतात. अडचण अशी की लष्करी कारकुनांनी नावे कानाला ऐकू आली तशी लिहिली: शिंदे हे सिंदे किंवा सिंदिया होतात, पवार हे पोवार, भोसले हे भोन्सले. पुष्कळदा मधले नाव गाळलेले असते. म्हणून आडनावाची जागा रिकामी ठेवावी, पलटण निवडावी आणि अधिक माहितीच्या रकान्यात गावाचे नाव तीन-चार वेगवेगळ्या स्पेलिंगांनी टाकून पाहावे. अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा असतो, आणि एकाच गावातल्या दोन ज्ञानू शिंद्यांना वेगळे करण्यास वडिलांचे नावच उपयोगी पडते.

येथे एक ठेच हमखास लागते. सांगली जिल्हा त्या वेळी नव्हता. वाळवा, तासगाव आणि खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते, तर सांगली, मिरज आणि जत ही संस्थाने होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा इस्लामपूरच्या माणसाने ‘सातारा’ हा शब्द टाकूनच शोधावे.

मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची कबर किंवा दहनस्थान ज्ञात नाही अशांचे स्मारक बसऱ्याला आहे. तेथे चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. परंतु ब्रिटिश सैनिक आणि हिंदी अधिकारी यांची नावे भिंतींवर कोरली गेली, आणि हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या दिली गेली. नावे नोंदवहीत राहिली. या भेदाची कबुली कमिशनने २०२१ मध्ये दिली. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावे आहेत. तीही प्रामुख्याने वायव्य सरहद्द आणि तिसऱ्या अफगाण युद्धातील मृतांची आहेत. तेथे पणजोबांचे नाव दिसले नाही, म्हणून ते मेसोपोटेमियात नव्हतेच असा निष्कर्ष काढू नये.

जिवंत परतलेल्यांचे नाव या मृतांच्या यादीत असणार नाही, आणि तिथे गावाचे कागद लागतात. तलाठ्याकडची जुनी वारस-फेरफार नोंद मृत्यूचा काळ सांगते, कोतवाल बुकातही (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीतही) नोंद सापडू शकते, आणि नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत वडील-आजोबांची नावे मिळतात. यांतले बरेच मोडी लिपीत असते, म्हणून मोडी वाचणारा माणूस आधीच गाठावा. गावात महायुद्धाची शिळा असेल तर तिचे शब्द नीट उतरवून घ्यावेत. सातारा तालुक्यातील अपशिंगे (मिलिटरी) येथे असे स्मारक आहे. अशा शिळांवर बहुधा दोन आकडे असतात, गेलेल्यांचा आणि मेलेल्यांचा. त्यांची सरमिसळ नेहमी होते.

पलटणीच्या रोजनिशा लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आणि काही दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत शिपायाचे नाव क्वचितच येते. पण मृत्यूची तारीख हाती असेल, तर त्या दिवशी पलटण कोठे होती ते कळते.

एखाद्याच्या मृत्यूचा पुरावा घरात आहे आणि कमिशनच्या यादीत नाव नाही, असे आढळल्यास कमिशनला कळवावे. पत्रासोबत पदकाच्या कडेचा फोटो, पेन्शनचा किंवा मृत्यू कळवणाऱ्या तारेचा (टेलिग्रामचा) कागद आणि वारस-फेरफाराची प्रत जोडावी. नाव मराठीत आणि संभाव्य सर्व इंग्रजी स्पेलिंगांत लिहावे, आणि गावाबरोबर त्या काळचा तालुका व जिल्हा द्यावा.