मालगाडीचं डिझेल इंजिन त्याच्या अंगावरून कसं वाचायचं

माझे बाबा डिझेल शेडमध्ये, म्हणजे इंजिनं ठेवतात आणि दुरुस्त करतात तिथे, फिटर होते. दिवा स्टेशनच्या फलाटावर मालगाडी येऊन उभी राहिली की म्हणायचे, "आधी डोळे मिट, मग सांग कुठलं इंजिन आहे." मी आजही तसंच करते. तुम्हीही सुरुवात कानापासूनच करा.

उभं असताना जड, किंचित अडखळता धग-धग ठेका ऐकू आला, तर ते अल्को घराणं. अमेरिकेतल्या अल्को कंपनीचं डब्ल्यूडीएम-2 हे इंजिन 1962 मध्ये भारतात आलं, 1964 पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागलं. सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती. मालगाडीचं डब्ल्यूडीजी-3ए त्याचंच वंशज: इंजिन त्याच जातीचं, शक्ती 3100. अडखळण्याऐवजी सलग घुमणारा आवाज आणि त्यावर बारीक शिट्टी ऐकू आली, तर ते जनरल मोटर्सच्या घराण्यातलं डब्ल्यूडीजी-4. ते 1999 मध्ये आलं, टू स्ट्रोक (पिस्टनच्या दर दोन धावांत एकदा डिझेल जळणारं), 4000 अश्वशक्तीचं.

आता डोळे उघडा आणि सिग्नल मिळाल्यावर धूर बघा. ड्रायव्हरने नॉच, म्हणजे शक्तीची पायरी, वाढवला की अल्को काळा लोट सोडतं, कारण त्याचा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. डिझेल लगेच वाढतं, हवा मात्र टर्बोने वेग घेतल्यावर. मधल्या काही सेकंदांत डिझेल पुरतं जळत नाही. डब्ल्यूडीजी-4 चा टर्बो कमी वेगाला गिअरने इंजिनाशी जोडलेला असतो, म्हणून त्याचा धूर पातळ.

मग नंबर. 12 ने सुरू होणारा पाच आकडी नंबर डब्ल्यूडीजी-4 चा. डब्ल्यूडीजी-3ए साठी 14501 पासून पुढचे किंवा 13 ने सुरू होणारे बघा. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: 14501 ची मालिका आधीची, ती संपल्यावर 13001 सुरू झाली. म्हणजे 13 वालं इंजिन 14 वाल्यापेक्षा नवं. नंबर मोठा म्हणून इंजिन नवं, असं इथे चालत नाही.

नावाचाही घोळ होतो. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी डिझेल, जी गुड्स, 3 म्हणजे तीन हजार अश्वशक्ती आणि ए म्हणजे आणखी शंभर. पण 1995 मध्ये हे इंजिन आलं तेव्हा त्याचं नाव डब्ल्यूडीजी-2 होतं. त्या काळी आकडा मॉडेलचा क्रम सांगायचा, शक्ती नाही. बाबांच्या डायरीत जुनं नाव आणि माझ्या वहीत नवं, त्यामुळे कितीतरी दिवस मी एकाच इंजिनासाठी दोन वेगळी पानं ठेवली होती. जुने कागद चाळणार असाल तर दोन्ही नावांनी शोधा.

माझ्या मते खरी गंमत चाकांत आहे, आणि लोक नेमकं तिथेच बघत नाहीत. फलाटावरूनच बघा, रुळांत उतरू नका. डब्ल्यूडीएम-2 च्या बोगीत (डबा नव्हे, इंजिनाखालचा तीन-तीन चाकजोड्यांचा सांगाडा) मधलं चाक बरोबर मध्ये नसतं, एका बाजूला सरकलेलं दिसतं. डब्ल्यूडीजी-3ए ची बोगी वेगळी, ठळक स्प्रिंगांची आणि सारख्या अंतरावरच्या चाकांची. चाकं फिरवणाऱ्या तिच्या तिन्ही मोटरींची तोंडं एकाच दिशेला. भरलेली मालगाडी ओढायला सुरुवात करताना इंजिनाचा पुढचा भाग उचलल्यासारखा होतो, चाकावरचा भार कमी-जास्त होतो आणि चाक घसरतं. ही मांडणी तो फरक कमी करते. शिवाय इंजिनाचं वजन 123 टन, डब्ल्यूडीएम-2 चं 112.8 टन. जास्त वजन म्हणजे रुळावर जास्त पकड. त्या बदल्यात वेग कमी: 120 ऐवजी ताशी 100 किलोमीटर.

तरी घसरलंच, तर पकडीसाठी चाकापुढे रुळावर वाळू सोडतात. चाकाजवळ उतरलेली नळी शोधा. गाडी निघून गेल्यावर रुळाच्या माथ्यावर करड्या पिठासारखी रेघ उरते. बाबा ती मला फलाटाच्या कडेपासून मागे उभं राहून दाखवायचे.

शेवटी केबिनच्या बाजूला रंगवलेली शेडची अक्षरं टिपा: केवायएन म्हणजे कल्याण, पीए म्हणजे पुणे.

कोकण रेल्वेचं विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं. तेव्हापासून दिवा-पनवेल बाजूला डिझेल पूर्वीसारखं हमखास दिसत नाही. म्हणून दिसेल ते तिथेच लिहून ठेवा: तारीख, वेळ, स्टेशन, नंबर, शेड, मागे डबे कसले आणि गाडी कुठल्या दिशेला गेली. बॉलपेन वापरा, बाबांची पेन्सिलीची पानं आता भिंगाशिवाय लागत नाहीत.