पोरगं काहीच खात नाही? आधी कामं वाटून घ्या

"काहीच खात नाही हो आमचा" हे वाक्य आमच्या जळगावकडे लग्नाच्या पंगतीत, एसटीत, भाजीबाजारात कुठंही ऐकू येतं आणि मी पण दोन वर्षं हेच सांगत फिरायचे. माझी मुलगी दीड वर्षाची झाली आणि तिचं जेवण एकदम अर्ध्यावर आलं, मग सुरू झालं ताट घेऊन मागे पळणं, एक घास काऊचा एक चिऊचा, नंतर मोबाईल, आणि शेवटी रडारड. एक दिवस तिने तोंडातलं सगळं माझ्या अंगावर उलटून टाकलं तेव्हा वाटलं की हे काहीतरी चुकतंय.

आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे निम्मी काळजी कमी होईल. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळपास तिप्पट होतं, म्हणजे तीन किलोचं पोर नऊ किलोचं होतं, पण दुसऱ्या वर्षात ते अंदाजे 2 ते 2.5 किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूक पण कमी होणारच ना. आणि साधारण 2 ते 6 वर्षं या वयात नवीन पदार्थाला नाही म्हणणं हे बहुतेक सगळ्याच मुलांमध्ये असतं, तो हट्टीपणा नाही आणि तुमच्या हाताला चव नाही असं पण नाही.

आता कामाची वाटणी. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी ही पद्धत मांडली आहे आणि मला सगळ्यात जास्त उपयोग हिचाच झाला. काय वाढायचं, कधी वाढायचं आणि कुठे बसून जेवायचं हे आईबापांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती खायचं हे पोराने ठरवायचं. बस. आपण नेमकं उलटं करतो, काय बनवायचं ते त्याला विचारतो आणि किती खायचं ते आपण ठरवतो.

सुरुवात वेळेपासून करा. तीन जेवणं, मध्ये एक-दोन वेळा खाऊ, आणि दोन्हीच्या मध्ये अडीच-तीन तास फक्त पाणी. आमच्याकडे खरी गडबड इथंच होती, सकाळी बाटलीभर दूध, अकराला बिस्कीट, बाराला आजोबांनी आणलेलं पाच रुपयाचं पाकीट, मग एक वाजता भाकरी कोण खाणार? वर्षानंतर दूध दिवसाला 500 मिलीच्या आत ठेवा, जास्त दुधाने पोट भरतं आणि शरीरात लोह कमी पडतं. चहा तर मुलांना नकोच, बशीतला घोटभर पण नको, चहाने जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची 67 टक्के मुलं रक्त कमी असलेली निघाली, म्हणून दुधापेक्षा डाळ, पालेभाजी आणि वर लिंबू पिळणं याकडे जास्त लक्ष द्या.

ताटात नेहमी एक तरी ओळखीची वस्तू ठेवा, भात असो की पोळी, आणि नवीन भाजी बाजूला चमचाभर, एवढीशीच. गिलक्याचं, म्हणजे घोसाळ्याचं, आमचं उदाहरण सांगते. पहिल्यांदा वाढलं तर तिने बोटाने ताटाबाहेर ढकललं, दुसऱ्यांदा पण तेच, चौथ्या-पाचव्या वेळी नुसता वास घेतला, मग एकदा जिभेला लावून ताटातच ठेवलं, आणि मी काही बोलले नाही, वाहवा पण केली नाही, आपलं गिलकं खात बसले. बहुतेक दहाव्या-बाराव्या वेळेला तिने माझ्या ताटातलं उचलून खाल्लं. नवीन चव आवडायला 8 ते 15 वेळा समोर यावी लागते, आणि आपण तीनदा देऊन "याला गिलकं आवडत नाही" असा शिक्का मारून टाकतो. तो शिक्का पोरासमोर तर कधीच मारू नका.

"भाजी संपव मग चॉकलेट" हे पण बंद करा, त्याने भाजी म्हणजे शिक्षा आणि चॉकलेट म्हणजे बक्षीस एवढंच डोक्यात बसतं.

चव ओळखायला हात घालू द्या. हिवाळ्यात भरिताची वांगी आली की मी मुलीला बाजारात नेते, वांगं तीच निवडते, हिरवट पांढरं मोठं बघून. भाजून गार झालं की साल काढायचं काम तिचं, बोटं काळी होतात, गर मध्येच तोंडात जातो, कोणी खा म्हटलेलं नसतं. मिरची-लसूण ठेचून घालायच्या आधी मुलांपुरता गर वेगळा काढा, त्यात मीठ, थोडं तेल, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले, त्यामुळे धान्य आणि डाळ दोन्ही एकाच घासात. आपलं खान्देशी जेवण तिखट, म्हणून पोरांना वेगळं काहीतरी गोडमिट्ट बनवायची सवय लागते, त्यापेक्षा मसाला पडायच्या आधी वाटी बाजूला काढणं सोपं. फुनके-कढी पण खूप छान चालते, फुनके म्हणजे वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके, ते हातात धरता येतात आणि कढीत बुडवायला मजा येते. केळी तर आपल्या रावेर-यावलची, पण तीच तीच रोज नको, कधी पेरू, कधी पपई, कधी बोरं बिया काढून.

उन्हाळ्यात 44-45 डिग्री तापतं तेव्हा खाणं कमी झालं तर घाबरू नका, दुपारी ताक-भात, टरबूज द्या आणि मोठं जेवण संध्याकाळी ऊन उतरल्यावर.

आजीचं काय करायचं हा अवघड प्रश्न. माझ्या सासूबाई "खाई ले वं माय, एकच घास" करत मागे जायच्या, तो जीव होता त्यांचा, त्यांना गप्प बसा सांगणं मला पटत नव्हतं. मग मी त्यांना सगळ्यांसोबत पंगतीत बसवलं, ताट वाढायचं काम नातीला दिलं, आजीला भाकरी कोण देणार, तर ती. टीव्ही, मोबाईल बंद. पहिला आठवडा कठीण गेला, दोन रात्री ती चार घास खाऊन उठली आणि आम्ही उठू दिलं.

दोन गोष्टीत मात्र ढिलाई नको. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात, कूट करा नाहीतर उभे काप करा. आणि वजन घटतंय, प्रत्येक घासाला ठसका लागतोय, मोजून चार-पाचच पदार्थ खातोय, किंवा माती-खडू खातोय असं दिसलं तर घरगुती उपाय बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जा, माती खाण्यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता असते आणि ती साध्या रक्ततपासणीत कळते.