कुत्र्याच्या खाजेला हात घालायच्या आधी काय काय जवळ पाहिजे

कुत्रं खाजवायलंय म्हणून लगेच नळाखाली धरू नका, आधी सामान गोळा करा. कुत्रं ओलं झालं अन् टॉवेल घरातच राहिला की ते अंग झाडत पळतं, गोठ्यातल्या मातीत लोळतं अन् केलेलं सगळं वाया, आमच्या मोत्याचं असंच झालं होतं.

पहिलं सामान म्हणजे मोबाईल. उजेडात फोटो काढून ठेवा, कानाच्या कडा, कोपरं, पोट, शेपटीचं बूड अन् पायाच्या बोटांच्या मधली जागा. मोत्याच्या पुढच्या पायाची बोटं फाकवली तर आत एरंडीच्या बीएवढा फुगलेला गोचीड, भोवती लाल ओली कातडी अन् आंबूस वास, वरून काहीच दिसत नव्हतं बघा. कानाच्या कडेला खपल्या, कोपरावरचे केस गेलेले अन् घरातल्या लेकरांनाही खाज सुटली असेल तर लूत असू शकते, गोल चट्टे असतील तर गजकर्ण, दोन्ही माणसाला लागतात, म्हणून मेडिकलवरून हातमोजे आणाच.

मग वजन. गोचिडाची गोळी वजनावर असते, अंदाजावर नाही. कुत्रं उचलून काट्यावर उभं राहा अन् आपलं वजन वजा करा, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, धान्याचा काटा असतोच. गुरांचं गोचीड-जंतावरचं इंजेक्शन, आयव्हरमेक्टिन, उरलंय म्हणून कुत्र्याला अंदाजे टोचायचं तर अजिबात नाही, डोस जास्त झाला तर जीव जातो अन् कोलीसारख्या मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या जातींना थोडंही सोसत नाही.

बारीक टोकाचा चिमटा अन् झाकणाच्या बाटलीत स्पिरिट जवळ ठेवा. गोचीड कातडीला लागून धरून सरळ ओढायचा, बाटलीत टाकायचा, नखानं चिरडायचा नाही.

आंघोळीला कुत्र्याचाच शॅम्पू, डॉक्टरनं सांगितला असेल तर क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा. खरी गोष्ट इथं आहे, हा शॅम्पू लावून 10 मिनिटं अंगावर राहू द्यायचा, तेवढ्यात तो जंतूंवर काम करतो, लगेच धुतला तर बाटलीचे पैसे पाण्यात. त्यामुळं मोबाईलवर टायमर, पट्टा धरायला कुत्र्याच्या ओळखीचं माणूस अन् त्याच्या हातात भाकरीचे तुकडे. पाणी कोमट अन् भरपूर, आपल्याकडं टँकरच्या दिवसात बादल्या आधीच भरून ठेवा कारण अर्धा शॅम्पू अंगात राहिला की खाज अजून वाढते. बोअरच्या जड पाण्यात फेस कमी होतो म्हणून शॅम्पू वाढवत बसू नका. मग दोन कोरडे टॉवेल, बोटांच्या मधे अन् काखेत पुसायला विसरू नका, पावसाळ्यात तर तिथंच बुरशी धरते. जखम चाटत असेल तर गळ्यात घालायचा कोनही आणून ठेवा.

जवळसुद्धा ठेवू नका असं म्हणजे जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल अन् माणसाच्या खाजेच्या मलमा. मोत्याला मी एकदा जळकं ऑइल लावलं, सगळे लावतात म्हणून, त्यानं चाटलं अन् दोन दिवस उलट्या करत पडून राहिला, ते डोळ्यापुढून जात नाही. मलमांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, त्यानं खाज दबते पण लूत आतून वाढते.

अन् कुत्र्याएवढीच जागाही स्वच्छ पाहिजे. गोचिडाची मादी अंगावर नाही, भिंतीच्या फटीत अंडी घालते अन् ती हजारांनी असतात, म्हणून बसायचं पोतं उकळत्या पाण्यात टाका, फटी बुजवा. फवारणी केली तर जागा वाळेपर्यंत कुत्रं लांब ठेवा, मांजर असेल तर आधी डॉक्टरला विचारा, परमेथ्रिन या कीटकनाशकानं मांजर मरतं.

जखमेत अळ्या असतील, कुत्रं खात नसेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, लघवी गडद होत असेल तर घरचं काहीच करू नका, पांढऱ्या हिरड्या अन् गडद लघवी म्हणजे गोचीडताप असू शकतो. परभणी अन् उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, नाहीतर जवळचा गुरांचा दवाखाना गाठा. जाताना कुत्र्याला आंघोळ घालू नका, तेल-हळद लावू नका, कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची असते ना. सोबत फोटो अन् आधी दिलेल्या औषधांची रिकामी पाकिटं तेवढी घ्या.