मेन्कोचा पत्ता उलटत नाही? या चुका टाळा

मेन्को या जपानी मुलांच्या खेळात नियम एवढाच: जमिनीवर ठेवलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पत्त्याजवळ आपला पत्ता आपटायचा, समोरचा उलटला की तो आपला. नवशिक्यांचं घोडं अडतं ते ताकदीवर भिस्त ठेवल्यामुळे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पत्त्यावरच नेम धरणं. तसं मारलं की तो जमिनीला आणखी दाबला जातो. आपला पत्ता सपाट पडला की खालची हवा जोरात बाजूला फेकली जाते, आणि शेजारच्या पत्त्याची कड उचलते ती हीच हवा. म्हणून मारा अगदी लगत, बोटभर अंतराच्या आत. त्याआधी वाकून बघा: कुठली कड किंचित वर आहे? त्या फटीच्या बाजूनेच मारा. चौकोनी पत्त्याचे कोपरे वापरून वर वळतात, तिथे हमखास फट सापडते.

पत्ता तिरका पडत असेल तर कान द्या. कोपऱ्यावर पडला की बारीक ‘खट्’ येतो, सपाट पडला की ‘फट्’. तिरका पडण्याचं कारण बहुधा घट्ट मूठ. अंगठा आणि दोन बोटांत कड धरा, मनगट सैल ठेवा, आणि जमीन वीतभर राहिली की सोडा. खांद्यापासून भिरकावलात तर पत्ता हवेतच गिरकी घेतो.

वाळू, गालिचा, गवत टाळा. हवा तिथेच जिरते. लाकडी फरशी किंवा सिमेंट उत्तम. समोरच्या पत्त्याच्या पलीकडे पाऊल टेकवलं तर वारा अडून कड उचलायला मदत होते, पण हे चालतं का ते आधी विचारा.

घरी पत्ता करताना पातळ कागद घेऊ नका. दीडेक मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा ठीक. पत्ता जड व्हावा म्हणून मुलं मेण किंवा तेल चोळत आली आहेत. बऱ्याच जणांच्या लेखी ती लबाडीच. वजनाचा मोह तसा जुना, जपानच्या मेइजी काळात (१८६८ ते १९१२) तर शिशाचे मेन्को होते. शिशाची विषबाधा होते म्हणून ते गेले आणि पुठ्ठ्याचे आले.

आपला पत्ता ठेवताना कडा खाली टेकतील असा जरासा वाकवा, म्हणजे वाऱ्याला शिरायला जागा उरत नाही. ओला पत्ता मात्र खेळात आणू नका, तो वाळताना वेडावाकडा होतो.

आणि पहिला पत्ता आपटण्याआधी ठरवा: ‘होन्को’, म्हणजे जिंकलेला पत्ता कायमचा, की ‘उसोको’, म्हणजे शेवटी ज्याचा त्याला परत. पत्ता सरकून दुसऱ्याच्या खाली गेला तर कोण जिंकलं, हेही तेव्हाच. गटागटात नियम वेगळे असतात.